कामगार विमा (ईएसआय): अपघाताची पेन्शन आणि नोकरी गेल्यावरचा भत्ता, दोन्ही घेतले, त्याचा हा रिव्ह्यू

लोक मोबाईलचे, मिक्सरचे, हॉटेलचे रिव्ह्यू टाकतात, मी कामगार विम्याचा टाकतेय. आमच्या घरात दीड वर्षात दोन वेळा हा विमा कामाला आला, एकदा ह्यांची बोटं गेली तेव्हा आणि एकदा नोकरी गेली तेव्हा. दोन्ही वेळेला सगळे कागद मीच फिरवलेत त्यामुळे जे लिहितेय ते ऐकीव नाही. मोठं झालंय, पण चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव साइडला ज्यांच्या घरातला माणूस प्रेस शॉपला किंवा मोल्डिंगला आहे त्यांनी पूर्ण वाचा प्लीज.

आधी रेटिंग देते. अपघाताच्या पैशाला ५ पैकी साडेचार. नोकरी गेल्यावरच्या भत्त्याला अडीच. आणि माहिती आपल्यापर्यंत पोचण्याला एक, तो पण खिडकीवरच्या एका मॅडममुळे.

ह्यांच्या पगार स्लिपवर दर महिन्याला ईएसआय १३५ रुपये कट असायचे. पगार साधारण १८ हजार, त्याचा पाऊण टक्का म्हणजे १३५, आणि कंपनी सव्वातीन टक्के भरते म्हणजे ५८५. मला वाटायचं हे कसले पैसे जातात, आपण तर कधी त्या दवाखान्यात गेलो पण नाही, ताप आला तर गल्लीतल्या डॉक्टरकडेच जायचो. महिन्याचा पगार २१ हजारापर्यंत असेल तर हे कटतं. त्या ७२० रुपयांत काय काय आहे ते मला अपघात झाल्यावर कळलं, ते आधी कळायला पाहिजे होतं म्हणून हे सगळं लिहिणं.

ऑगस्ट २०२१. नाईट शिफ्ट, पॉवर प्रेसवर उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. त्यावर जास्त लिहीत नाही, लिहायला घेतलं की हात थांबतो. मला पहाटे फोन आला तेव्हा काँट्रॅक्टरचा माणूस ह्यांना एका प्रायव्हेट नर्सिंग होमला घेऊन गेला होता आणि मला म्हणाला वहिनी काळजी करू नका सगळा खर्च आम्ही करतो, फक्त अपघात कुठे लिहायला लावू नका, उगाच साहेबांना त्रास. मी तर हात जोडले त्याला, देवमाणूस वाटला मला तेव्हा. शेजारच्या मावशींचा मुलगा युनियनच्या कंपनीत आहे, तो संध्याकाळी आला आणि पहिलं वाक्य बोलला की वहिनी, अपघात रिपोर्ट भरलाय का? मी म्हटलं तो काय असतो. तो म्हणाला पट्टी पुढच्या आठवड्यात निघेल, बोटं परत येणार नाहीत, आणि कागद नसेल तर हा अपघात कंपनीत झालाच नाही.

हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. कंपनीत अपघात झाला की मालकाने ईएसआयला रिपोर्ट द्यायचा असतो, त्याला फॉर्म १२ म्हणतात, २४ तासांच्या आत द्यायचा असा नियम आहे. त्या रिपोर्टशिवाय पुढचं काहीच हलत नाही. मावशींच्या मुलाने ह्यांच्याकडून दोन ओळीचा अर्ज लिहून घेतला (डाव्या हाताने सही केली ह्यांनी), तारीख वेळ मशीन नंबर सगळं टाकलं, एचआरला व्हॉट्सअॅप पण केला आणि एक कॉपी स्वतः नेऊन शिक्का मारून आणला. दोन दिवसांनी रिपोर्ट गेला. काँट्रॅक्टरचा माणूस त्यानंतर परत हॉस्पिटलला दिसला नाही, बिल पण अर्धंच भरलं त्यांनी. कामाला येता-जाता रस्त्यात अपघात झाला तरी तो कामावरचाच धरतात बरं का, कायद्यात २०१० ची दुरुस्ती आहे, तो कामाशी जोडलेला आहे एवढं दाखवावं लागतं. एमआयडीसीच्या रस्त्यांवर बाईक घेऊन फिरणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा.

मग आम्ही विम्याच्या दवाखान्यात गेलो. इथे माझा आधी गोंधळ झाला तो सांगते. महाराष्ट्रात दवाखान्याचं काम राज्याची कामगार विमा सोसायटी बघते आणि पैशाचं काम ईएसआयसीचं (हा विमा चालवणाऱ्या महामंडळाचं) शाखा कार्यालय बघतं. म्हणजे डॉक्टर सर्टिफिकेट देणार एकीकडे, पैसे मिळणार दुसरीकडे. सर्टिफिकेट दवाखान्यातून वेळच्या वेळी घ्यायची, पहिलं, मग मधली, आणि शेवटी फायनल म्हणजे फिट झाल्याचं. मध्ये गॅप पडू द्यायचा नाही. मी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवायचे, दुधाच्या हिशोबाच्या शेजारीच.

फिट होईपर्यंत जे पैसे मिळतात ते पगाराच्या ९० टक्के. नव्वद! मला खोटं वाटलं, कारण साध्या आजारपणात ७० टक्के मिळतात आणि ते पण वर्षात ९१ दिवसच, पण कामावरच्या अपघाताला दिवसांची मर्यादाच नाही, डॉक्टर जोपर्यंत अनफिट म्हणतात तोपर्यंत. आणि नोकरीला पहिला दिवस असला तरी लागू. ह्यांचा दिवसाचा पगार ६०० च्या आसपास धरला, त्याचे ९० टक्के ५४०, असे ११० दिवस, म्हणजे साधारण ५९ हजार थेट बँकेत आले. घरभाडं, किराणा, मुलाची फी, सगळं त्यावर चाललं. उसने घ्यावे लागले नाहीत. ज्यांनी घरात महिनाभर पगार थांबलेला बघितलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय.

अजून एक, हे पैसे चालू असताना किंवा उपचार चालू असताना कंपनी माणसाला काढू शकत नव्हती. तेव्हाच्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय). सुपरवायझर दोनदा फोनवर म्हणाला होता की किती दिवस सुट्टी, नाव कमी करावं लागेल. मावशींच्या मुलाने सांगितलं त्याला ७३ म्हणा फक्त. ह्यांनी म्हटलं. परत तसा फोन नाही आला.

आता पेन्शनचं. फायनल सर्टिफिकेट मिळाल्यावर बहुतेक लोक थांबतात, बोट गेलं, पैसे मिळाले, संपलं. संपत नाही! कायमचं काही गेलं असेल तर मेडिकल बोर्डासाठी अर्ज करायचा असतो. बोर्ड ठरवतं की कमवायची ताकद किती टक्के गेली. कायद्यातच यादी आहे, अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०. ह्यांना २० टक्के दिले. मग हिशोब असा, ५४० चे २० टक्के म्हणजे दिवसाला १०८, महिन्याला साधारण ३२४०. किती दिवस? आयुष्यभर. नोकरी असो नसो, दुसऱ्या कंपनीत लागो, स्वतःचा धंदा करो, हे चालूच राहतं. मधून मधून महागाईप्रमाणे थोडे वाढवतात पण. आमचं बोर्ड मार्च २०२२ मध्ये झालं तरी पैसे डिसेंबरपासूनचे धरले, मागचे एकदम आले. बोर्डाचे टक्के पटले नाहीत तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येतं. आणि हयातीचा दाखला वेळेवर द्यायला विसरू नका नाहीतर पेन्शन थांबते.

खिडकीवरच्या ज्या मॅडम म्हटलं ना, त्यांनीच हे बोर्डाचं सांगितलं. फायनल सर्टिफिकेट द्यायला गेले होते, मागे लाईन होती, त्यांनी ह्यांचा हात बघितला आणि म्हणाल्या, ताई, बोर्डाचा अर्ज केलात का, नसेल तर आत्ता करूनच जा. स्वतः कागद काढून दिला. त्या नसत्या तर आम्ही तिथून तसेच घरी आलो असतो आणि आज ते महिन्याचे सव्वातीन हजार नसते.

इथे एक गैरसमज सांगते कारण आम्ही पण त्यात दोन फेऱ्या घालवल्या. ईएसआयचे टक्के वेगळे आणि सिव्हिल हॉस्पिटलचे अपंगत्वाचे टक्के वेगळे. ईएसआय बघतं कमवायची ताकद किती गेली. यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे) टक्के वेगळ्या मोजणीने काढतात आणि बहुतेक सवलतींना तिथे किमान ४० लागतात. ह्यांचे तिथे ४० च्या बरेच खाली आले. म्हणजे एसटीची सवलत नाही, संजय गांधी निराधारचा अर्ज नाही. पण म्हणून ईएसआयची पेन्शन जात नाही! माझ्या ओळखीच्या एका ताईंनी सिव्हिलचा कमी टक्क्यांचा दाखला बघून विम्याचा अर्जच केला नव्हता, त्यांना मी हात धरून पाठवलं. उलट ज्यांचे ४० च्या वर आहेत आणि उत्पन्न कमी आहे त्यांनी तहसीलला संजय गांधीचा अर्ज जरूर करा, ते २०२३ मध्ये हजारावरून १५०० झाले आणि दिव्यांगांसाठी पुढे २५००.

आता दुसरा भाग, ज्याला मी अडीच दिलेत.

सप्टेंबर २०२२ ला कंपनीची ऑर्डर गेली. काँट्रॅक्टरच्या सगळ्या पोरांना शेवटच्या आठवड्यात एका लाईनीत उभं केलं आणि छापील कागद दिला, "मी स्वखुशीने वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे", खाली सही करा, हिशोब घेऊन जा. सोबतच्या बहुतेकांनी केल्या. त्यांचा काय दोष, पगार अडकवून ठेवला होता. ह्यांनी केली नाही कारण एकदा पोळले होते, कागद म्हटला की घरी विचारून सांगतो म्हणायचे. दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. कपातीचं (म्हणजे कामावरून कमी केल्याचं) पत्र नाही, काही नाही.

मला तेव्हा माहीतच नव्हतं की नोकरी गेल्यावर ईएसआयमध्ये एक नाही दोन योजना आहेत. नीट वाचा, कारण दोन्हीतला फरक लाखाचा आहे.

एक आहे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ ला सुरू झाली. आधी पगाराच्या २५ टक्के मिळायचे, कोरोनात ५० केले आणि अर्ज पण ३० दिवस बेरोजगार राहिलं की करता यायला लागला, आधी ९० दिवस थांबावं लागायचं. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे, आणि आयुष्यात एकदाच. अट अशी की नोकरी गेली त्याच्या आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवस वर्गणी भरलेली पाहिजे आणि दोन वर्षातल्या बाकीच्या तीन सहामाहींपैकी एकीत पण ७८. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल, रिटायर झाला असेल किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली असेल तर नाही.

दुसरी आहे राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, ही जुनी, २००५ ची. कारखाना बंद पडला, किंवा कायद्याप्रमाणे कपात केली, किंवा कामाबाहेरच्या अपघाताने ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं आणि त्यामुळे नोकरी गेली तर. वर्गणी दोन वर्षांची लागते. पहिले बारा महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. चोवीस महिने! आणि दवाखाना पण चालू.

मी वहीत हिशोब मांडला. ६०० रुपये रोज धरला तर दुसऱ्या योजनेत पहिल्या वर्षी दिवसाला ३०० म्हणजे १ लाख ९ हजार ५००, दुसऱ्या वर्षी ५४ हजार ७५०. मिळून १ लाख ६४ हजार. आणि आम्हाला अटल मधून मिळाले साधारण २३ हजार. फरक कशाचा, एका पानाच्या कपातीच्या पत्राचा. ते पत्र कंपनीने दिलं नाही आणि आम्ही मागितलं नाही, कारण मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. मला आजही त्या पानाचं वाईट वाटतं. सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करता आला असता, वर्षभर सलग काम केलेल्या माणसाला कपात करायची तर महिन्याची नोटीस आणि वर्षाला पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो, हे सगळं मला सहा महिन्यांनी कळलं, तोपर्यंत काँट्रॅक्टरचं ऑफिसच तिथे राहिलं नव्हतं.

२३ हजारच का, २७ का नाही (३०० गुणिले ९०), हा प्रश्न मला पण पडला होता. तर अटल मध्ये सरासरी काढताना मागच्या चार सहामाहींचा एकूण पगार घेतात आणि त्याला ७३० ने भागतात. ह्यांचे ११० दिवस अपघाताच्या सुट्टीत गेले होते, त्या दिवसांचा पगार नाही, पण भागायला दिवस पूर्ण ७३०. म्हणून सरासरी ६०० वरून ५१० वर आली आणि त्याचे अर्धे. कामावर बोटं गेलेल्या माणसाला त्याच सुट्टीमुळे बेरोजगारीत कमी पैसे मिळावे हे मला अजिबात पटलेलं नाही. नियम करणाऱ्यांनी हे बघायला पाहिजे. आणि आयुष्यात एकदाच हे पण. काँट्रॅक्टवरच्या माणसाची नोकरी आयुष्यात एकदाच जाते का? वर्गणी तर तो प्रत्येक महिन्याला भरतो.

पण आले ते पैसे खूप उपयोगी आले, हे पण तितकंच खरं. अर्ज ऑनलाईन केला, ईएसआयसीच्या साईटवर विमाधारकाचं लॉगिन करून. अडकलं कुठे तर ओटीपीवर. काँट्रॅक्टरने रजिस्टर करताना मोबाईल नंबर ह्यांचा टाकलाच नव्हता, त्याच्या मुनशीचा टाकला होता, दहा-बारा पोरांना एकच नंबर. त्या मुनशीला फोन करून ओटीपी मागायची वेळ आली, तो उचलेना. शेवटी आधार कार्ड आणि अर्ज घेऊन शाखेत गेलो, तिथे नंबर बदलून मिळाला. बँक खातं आणि आधार जुळलेलं होतं म्हणून पुढे अडचण आली नाही. अपघाताची पेन्शन ह्या काळात चालूच होती, ती बंद होत नाही.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. शाखेत जायच्या आधी आम्ही एका सायबरवाल्याकडे गेलो होतो, तो पीएफचं काम करून देतो म्हणून. त्याने दीड हजार घेतले, म्हणाला ईएसआयमधून बेरोजगारीचं काही मिळत नसतं, पीएफ काढा. आणि पीएफसोबत पेन्शन फंडाचे पण काढून टाकले. ह्यांची सात वर्षं भरली होती. दहा वर्षं झाली की ५८ व्या वर्षापासून महिन्याची पेन्शन बसते, आणि नोकरी सुटली तर ते पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेऊन वर्षं जपून ठेवता येतात. आमची सात वर्षं गेली, आता परत शून्यापासून. पीएफचे काढा गरज असेल तर, पेन्शनवाल्याला हात लावायच्या आधी चार वेळा विचारा. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ काढायच्या नियमांत मोठे बदल जाहीर झालेत, त्यामुळे माझ्या वेळचं धरून बसू नका, आधी बघून घ्या. कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला टाकता येते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर ती पाच वर्षांची अट नसते, हे फार कमी जणांना माहीत आहे. आणि ज्यांना ईएसआय लागूच नाही, छोट्या वर्कशॉपला आहेत, बांधकामावर आहेत, त्यांच्यासाठी १९२३ चा भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पैसे मालकाकडून मिळतात, तिथे पण अपघात लिहून ठेवणं तितकंच महत्त्वाचं. बायकांनो, नवऱ्याची, भावाची, मुलाची स्लिप आज रात्री मागून घ्या आणि त्यावर ईएसआय नंबर आहे का बघा. काही ठिकाणी अपघात झाल्यावर घाईघाईने ईएसआयमध्ये नाव टाकतात. तो दहा आकडी नंबर फोनमध्ये सेव्ह करा, मोबाईल कुणाचा जोडलाय ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

हे आता फेब्रुवारी २०२३ पासून दुसऱ्या कंपनीत आहेत, स्टोअरला, प्रेसवर नाही. जॉईन व्हायच्या दिवशी मी त्यांच्या खिशात चिठ्ठी दिली होती जुना विमा नंबर लिहून, कारण नंबर माणसाचा एकच असतो, कंपनी बदलली तरी. नवीन नंबर काढला की मागची वर्गणी एकीकडे आणि पुढची दुसरीकडे होते. तिथला मुलगा म्हणाला काका नवीन काढून टाकतो, पटकन होतं. हे काउंटरवरून हललेच नाहीत, जुनाच टाक म्हणाले, आणि मोबाईल नंबर माझा टाक. पुढच्या महिन्यात वर्गणी जमा झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर आला, १३५ च्या ऐवजी आता १४२.